धरून ठेवलेली रेस

समजा, सकाळी आंघोळ उरकून तुम्ही टॉवेल पिळायला घेतला आहे. उजव्या हाताने पीळ दिला, पाणी निथळलं. आता तो पीळ सोडायचा नाही. आणखी पिळायचं नाही, सैलही करायचं नाही. आहे तिथेच धरून ठेवायचं. त्याच हाताची बोटं ब्रेक दाबायला तयार ठेवायची, डोळे पुढच्या ट्रकवर ठेवायचे, पाठीमागे बायको बसलेली आहे हे विसरायचं नाही, आणि असा पीळ धरून दिंडोरीहून धुळ्याला जायचं. वाटेत कुणी तुम्हाला म्हणालं की हा पीळ तुमच्याऐवजी धरून ठेवणारं एक यंत्र मिळतं, तर ते तुम्ही कसं निवडाल? घट्ट धरणारं घ्याल, की वेळेवर सोडणारं?

दिंडोरी तालुक्यातल्या पुंजाभाऊ गांगुर्डे यांच्यापुढे हा प्रश्न यंदाच्या मार्चमध्ये उभा राहिला. त्यांच्या मोटारसायकलची मागची सीट भरलेली राहणार की रिकामी, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होतं.

पुंजाभाऊ म्हणजे द्राक्षबागेतले ट्रॅक्टरवाले. स्वतःची बाग जेमतेम, पण गावातल्या मोठ्या बागांमध्ये फवारणी करायची ती त्यांनीच. मागे ब्लोअर जोडलेला छोटा ट्रॅक्टर ते दोन ओळींमधून असा काढतात की वेलीच्या पानालाही धक्का लागत नाही. तरुणपणी ते छाटणीच्या टोळीत होते. इतकी वर्षं कात्री चालवली की अजूनही लग्नात अक्षता टाकताना त्यांच्या बोटांची हालचाल काडी छाटल्यासारखी होते.

हंगाम उतरला, शेवटचे क्रेट गाडीत चढले, की खरड छाटणी सुरू होण्याआधी बागेला आणि माणसांना थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत पुंजाभाऊ आणि त्यांच्या बायको मैनाबाई दरवर्षी मोटारसायकलवर धुळ्याला जातात. तिथे त्यांची थोरली मुलगी संध्या राहते. टाकीवर पिशवी बांधलेली, पिशवीत घरचे बेदाणे, आणि मागे मैनाबाई. वर्षभर दोघं एकाच बागेत असतात, पण मध्ये ब्लोअरचा आवाज असतो. घरी आल्यावर बोलायला जावं तर झोप येते. त्यामुळे वर्षभराचं साठलेलं बोलणं त्या रस्त्यावर होतं. धाकट्या सायलीला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला घालायचं की नाही, हा विषय एका वर्षी पिंपळगावला निघाला आणि मालेगावच्या अलीकडे मिटला. घराचा ओटा कुठल्या बाजूला काढायचा, हेही त्या सीटवरच ठरलं.

या प्रवासात मैनाबाईंची एक खूण असते. पुंजाभाऊंच्या उजव्या खांद्यावर दोनदा टपटप. म्हणजे आता थांबा, चहा घेऊ. पुंजाभाऊ थांबतात. पण बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, की नेमकी तेव्हाच खांद्यावर टपटप होते. मुंग्यांचं त्यांनी बायकोला कधीच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात आहे काय, असं त्यांना वाटायचं.

गेल्या वर्षी परत येताना मात्र हात मुंग्यांवर थांबला नाही. चांदवड सोडल्यावर तो पार बधिर झाला. पुढे एक टेम्पो हळू झाला, आणि पुंजाभाऊंच्या बोटांना ब्रेकचा दांडा क्षणभर सापडेचना. पायाचा ब्रेक होता म्हणून निभावलं. मैनाबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावरही नाहीत. त्या बोलल्या एकदम वर्षाने, धुळ्याला न्यायचे बेदाणे निवडताना.

“यंदा मी एसटीनं जाणार हाय.”

“अन् मी?”

“तुम्ही या ना गाडीवर. कोण नको म्हणतंय?”

“एकट्यानं?”

“मंग काय, सोबतीला ब्लोअर घ्या.”

“माझ्या हाताला काय बी झालं नाय,” पुंजाभाऊ म्हणाले.

“हो का? मंग काल बशी कशी पडली हातातून? बशीलाच मुंग्या आल्या व्हत्या का?”

डॉक्टरांकडे जाऊन झालं होतं. मनगटात शीर दबते आहे, रात्री पट्टा बांधा, गाडी चालवताना मूठ आवळून धरू नका आणि थांबत थांबत जा, असं त्यांनी सांगितलं होतं. पट्टा पुंजाभाऊ इमानेइतबारे बांधत होते. पण मूठ आवळायची नाही आणि गाडी तर चालवायची, हे जमवायचं कसं ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. गाडी सोडून एसटीने दोघांनी जाणं हा मार्ग होताच. पण एसटीत खिडकी मैनाबाईंना लागणार, आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या की पुंजाभाऊंशी कोण बोलणार?

शनिवारी सायली नाशिकजवळच्या अंबडहून घरी आली. तिथल्या एका कारखान्यात ती तयार पार्ट मोजायचं काम करते. जो पार्ट मापात बसत नाही, तो परत पाठवायचा. घरी आली तरी तिची ती नजर जात नाही, पोळी गोल नसेल तर मैनाबाई तिला आधीच सांगतात, “ही मापात नाय, पण गिळ.”

तिने आईचं ऐकलं, वडिलांचा हात उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, “नाना, क्रूझ कंट्रोल बसवू आपण.”

“ते काय असतंय?”

“एकदा वेग ठरवून दिला की गाडी तो धरून ठेवते. मूठ पिळून धरायची गरज नाही.”

पुंजाभाऊंचा चेहरा उजळला. “म्हणजे हातरेस!”

गाडीला वेग देण्याला आमच्याकडे रेस देणं म्हणतात. ट्रॅक्टरला रेस पायाने देता येते आणि हातानेही. स्टिअरिंगजवळ एक छोटी दांडी असते, तिला म्हणायचं हातरेस. फवारणी करताना ती एकदा लावली की ट्रॅक्टर सबंध बागभर एका सुरात चालतो. चढ असो, उतार असो, टाकी भरलेली असो की रिकामी. पुंजाभाऊंचं अर्धं आयुष्य त्या दांडीवर गेलं होतं.

“हां, तसंच काहीतरी,” सायली म्हणाली. ती मोबाइलवर काहीतरी शोधत होती, त्यामुळे तिने नीट ऐकलं नाही. पुढचा सगळा घोळ या ‘तसंच काहीतरी’ने केला.

सायली रविवारी संध्याकाळी अंबडला परत गेली. पुंजाभाऊंनी विचार केला, हातरेसच पाहिजे ना, मग त्याला एवढं शोधायचं काय? मूठ फिरल्यावर जागेवर थांबली म्हणजे झालं. फवारणीच्या गनमधली एक जाड रबरी रिंग त्यांनी डब्यातून काढली, मुठीच्या आणि बटणांच्या डब्याच्या फटीत दाबून बसवली आणि मूठ फिरवून बघितली. फिरवली तिथे मूठ थांबली. हात काढला तरी थांबलेलीच! त्यांना इतका आनंद झाला की ते अंगणात एकटेच हसले.

सकाळी दुधाची किटली अडकवून ते डेअरीकडे निघाले. गावाबाहेरचा रस्ता सरळ आणि मोकळा. रेस लावली, हात सैल सोडला, बोटं उघडझाप केली. वाऱ्यात हात मोकळा! डोक्यात धुळ्याचा रस्ता सुरू झाला, मैनाबाईंचं बोलणं सुरू झालं, आणि डेअरी आली. डेअरीपुढे म्हशी आडव्या. पुंजाभाऊंनी ट्रॅक्टरवर करतात तेच केलं. क्लच दाबला, ब्रेक दाबला. ट्रॅक्टरवर एवढं केलं की झालं. हातरेस लावलेलीच असते, इंजिन आपलं शांतपणे तेवढंच फिरत राहतं.

मोटारसायकल थांबली, पण इंजिनाने जो आवाज धरला, तो साऱ्या डेअरीने ऐकला. ते असं किंचाळायला लागलं की म्हशी वळून निघून गेल्या. पुंजाभाऊंना कळेना, झालंय काय. त्यांनी क्लच आणखी घट्ट धरला. आवाज आणखी चढला. किटलीचं झाकण थरथर वाजायला लागलं.

दूध मोजणारा राजू माप हातात धरून बाहेर आला. “पुंजाभाऊ, आम्ही सरकतो बाजूला. उडू द्या!”

“अरे, ऐकंना झालीय!”

“चावी फिरवा, चावी!”

चावी फिरवल्यावर आवाज बंद झाला आणि सगळे हसले. पुंजाभाऊही हसले, पण क्लच सोडला असता तर गाडी म्हशींमध्ये घुसली असती, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. रबरी रिंग तिथेच काढून त्यांनी खिशात घातली आणि गाडी हळूहळू घरी आणली. त्यांच्याआधी बातमी घरी पोचली होती.

मैनाबाई दारातच उभ्या होत्या. “ऐकलं, इमान उडवलं म्हणं.”

“राजूनं फोन केला का?”

“राजूनं नाय केला. त्याच्या बायकोनं केला, त्याच्या बहिणीनं केला, अन् म्हशीवाली स्वतः येऊन गेली.” मग त्या आत गेल्या आणि आतून म्हणाल्या, “एसटी सकाळची हाय. मी चौकशी केलीय.”

सायलीला फोनवर हे कळलं तेव्हा ती आधी ओरडली, मग पोट धरून हसली, मग पुन्हा ओरडली. “नाना, गनची रिंग? समजा मूठ अडकून बसली असती तर?”

“पण ट्रॅक्टर असं करत नाय ना, बाई,” पुंजाभाऊ म्हणाले. “क्लच दाबला की ट्रॅक्टर किंचाळत नाय. हिला काय झालं?”

फोनमधून कारखान्यातली यंत्रं ऐकू येत होती. “थांबा,” सायली म्हणाली, “ट्रॅक्टरच्या डिझेल पंपात गव्हर्नर असतो. परीक्षेत मी तो पाठ करून लिहिला होता, पण असा कधी डोळ्यांपुढे आला नाही. तुमची ती दांडी इंजिनाला डिझेल किती घ्यायचं ते सांगत नाही, नाना. फिरायचं किती, ते सांगते. ओझं वाढलं की गव्हर्नर आपोआप जास्त डिझेल सोडतो, ओझं गेलं की कमी करतो. क्लच दाबला की ओझं जातं, तो लगेच डिझेल कमी करतो, म्हणून ट्रॅक्टर गप्प राहतो. मोटारसायकलला तसा राखणदारच नाही. तुम्ही पेट्रोलचा रस्ता उघडून ठेवला, ओझं काढलं, मग ती पळतच सुटणार.”

“म्हणजे चढावर हळू होणार अन् उतारावर पळणार?”

“हो. रेस तीच, वेग वेगळा.”

पुंजाभाऊंनी ही गोष्ट मनात दोनदा फिरवून बघितली. मग म्हणाले, “मंग त्याला हातरेस म्हणायचंच नाय.”

“नाहीच म्हणायचं. चूक माझी पण आहे, मी तसंच काहीतरी म्हणाले.”

“तुझी नाय. म्हशींची,” पुंजाभाऊ म्हणाले.

पुढच्या रविवारी तिघंही नाशिकला गेले. पुंजाभाऊ मोटारसायकलवर, आणि मायलेकी एसटीने, कारण मैनाबाईंचा निर्णय अजून तसाच होता. मुंबई नाक्याच्या बाजूला गाड्यांचं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथला रोहित नावाचा तरुण स्वतः लांबलांब गाडी फिरवतो. त्याच्या गाडीला क्रूझ कंट्रोल आहे हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं.

“तेच बसवा यांच्या गाडीला,” सायली म्हणाली.

“ताई, नाही बसणार. माझ्या गाडीत मुठीपासून इंजिनापर्यंत तार नाही. मूठ फक्त सिग्नल पाठवते, बाकी कॉम्प्युटर बघतो. काकांच्या गाडीला केबल आहे. मूठ फिरली की केबल ओढली जाते, संपलं. तिथे कॉम्प्युटर कुणाला सांगणार?”

सायलीने ओठ दाबले. हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं, असा तिचा चेहरा झाला. पुंजाभाऊंनी तिच्या पाठीवर थाप मारली. “चल, तुझी बी एक म्हैस झाली.”

रोहितने काउंटरवर तीन गोष्टी ठेवल्या. पहिली, प्लास्टिकची रुंद पट्टी. ती मुठीवर बसते आणि तळहाताच्या खालच्या भागाने दाबली की मूठ फिरलेली राहते. आवळून धरावं लागत नाही. दुसरा, मुठीच्या टोकाला बसणारा स्क्रू. तो पिळला की मूठ हवी तिथे थांबते. तिसरा, धातूचा चाप. त्याला अंगठ्याजवळ एक छोटी दांडी होती. ती खाली दाबली की मूठ धरली जाते, वर उचलली की सुटते.

“सगळ्यात जास्त काय खपतं?” पुंजाभाऊंनी विचारलं.

“पट्टी. स्वस्त, आणि बसवायला सोपी.”

“मंग तीच देऊन टाक.”

“एवढी घाई नको,” सायली म्हणाली. तिने पिशवीतून एक स्प्रिंगचा काटा काढला, भाजीवाले वजनाला लावतात तसला. रोहित बघत राहिला. “लॉक लावलेलं असताना हाताने मूठ पुढे ढकलली तर ती बंद झाली पाहिजे. किती जोर लागतो ते बघते. नानांचा हात दुखरा आहे.”

दुकानाबाहेर पुंजाभाऊंच्या गाडीवर, इंजिन बंद ठेवून, सगळं बसवून बघायचं ठरलं. सायली मुठीला दोरी गुंडाळून काट्याने ओढायची आणि काटा बघून मान हलवायची. स्क्रू सैल ठेवला तर मूठ धरत नव्हता, आवळला तर काटा पार शेवटाला जात होता. “हा मापात नाही,” तिने सांगितलं. चाप मात्र धरतही होता आणि ढकलल्यावर सुटतही होता. पट्टीत धरण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे सायलीच्या काट्यावर ती आपोआप पास झाली.

मैनाबाई हे सगळं पायरीवर बसून बघत होत्या. दुकानाच्या बाकी गिऱ्हाइकांनाही आता रस वाटायला लागला होता. त्या उठल्या, पदर खोचला आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

“आता मी बघते. ती पट्टी लावा. अन् तुम्ही असं समजा की मालेगाव गेलं मागं.”

पुंजाभाऊंनी मूठ फिरवली, तळहात पट्टीवर टेकवला, नजर समोर रस्त्यावर ठेवली. मैनाबाई काहीच बोलेनात. बराच वेळ गेला. पुंजाभाऊ जरा सैलावले, आणि त्यांच्या कानाशी त्या एकदम ओरडल्या, “अवो, कुत्रं!”

रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबला. पुंजाभाऊंचा उजवा हात झटकन ब्रेककडे गेला. बोटं पुढे गेली, आणि बोटं पुढे जाताना तळहात पट्टीवर आणखी दाबला गेला. ब्रेक लागला आणि रेसची मूठही आणखी फिरली, दोन्ही एकदम.

“बघितलं?” मैनाबाई म्हणाल्या. “कुत्रं मेलं.”

रोहितने पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. “खरंय मावशी. सवय झाली की हात बाजूला घेता येतो, पण...”

“सवय व्हायच्या आधीच कुत्रं येतं, बाबा. ते काय नोटीस देतं का?”

मग चापाची पाळी आली. अंगठा दांडीच्या जवळच राहत होता. मैनाबाई तीनचारदा ओरडल्या, दरवेळी नवीन काहीतरी. कुत्रं, बकरी, ट्रक, शेवटी “तुमचा जावई!” पहिल्यांदा पुंजाभाऊंचा हात नुसता ब्रेककडे गेला आणि चाप धरलेलाच राहिला. दुसऱ्यांदाही तसंच झालं, पण घाबरून मनगट पुढे लोटलं गेलं आणि मूठ बंद झाली. त्यानंतर अंगठा आपोआप दांडी उचलायला शिकला.

“हे घ्या,” मैनाबाई म्हणाल्या, आणि गाडीवरून उतरल्या.

“म्हणजे तू बसणार मागं?” पुंजाभाऊंनी घाईने विचारलं.

“मी म्हणलं, हे घ्या. मी बसते असं म्हणलं का?”

चाप बसवून झाल्यावर रोहितने बजावून सांगितलं. गावात नाही, गर्दीत नाही, घाटात नाही, ओल्या रस्त्यावर नाही. सरळ मोकळा रस्ता असेल तेव्हाच, आणि तेव्हाही हात मुठीवरच ठेवायचा. चाप फक्त पीळ धरतो, गाडी नाही. आणि क्लच दाबण्याआधी चाप सोडायचा. शेवटचं वाक्य ऐकून पुंजाभाऊंनी कान पकडले.

तरीही ट्रॅक्टरची सवय अशी एका दिवसात जाते थोडीच. पुढचे काही दिवस पुंजाभाऊ संध्याकाळी शेतरस्त्यावर सराव करायचे. मैनाबाई बांधावर उभ्या राहायच्या, आणि नवऱ्याचा डावा हात क्लचकडे सरकला की ओरडायच्या, “आधी चाप!” हळूहळू ते अंगात मुरलं. इतकं मुरलं की फवारणीचा ट्रॅक्टर थांबवतानासुद्धा पुंजाभाऊ आधी हातरेस झटक्यात उतरवायला लागले, आणि बागमालकाने विचारलं, “भाऊ, ट्रॅक्टरवर काही राग आहे का तुमचा?”

एका संध्याकाळी सराव करून परत येताना पुंजाभाऊंनी सायलीला फोन लावला. त्यांना एक जुनी शंका विचारायची होती. “माझ्या हाताला मुंग्या आल्या की तुझी आई बरोबर खांद्यावर हात मारती. मी तर सांगत नाय. मंग तिला कसं कळतंय?”

“सोपं आहे, नाना,” सायली म्हणाली. “हात दमला की मूठ तुमच्या नकळत जराशी सुटते. रेस उतरते, इंजिनाचा आवाज उतरतो. आईचे कान तिखट आहेत. तिला ते ऐकू येतं.”

“हां!” पुंजाभाऊ म्हणाले. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

निघायचा दिवस आला. उन्हाच्या आधी निघायचं म्हणून पुंजाभाऊ पहाटेच उठले. गाडी पुसली, हवा बघितली, बेदाण्याची पिशवी टाकीवर बांधली. मैनाबाई आतून बाहेर आल्या त्या नव्या साडीत आणि हातात स्वतःची वेगळी पिशवी घेऊन. वेगळी पिशवी म्हणजे एसटी.

मैनाबाईंनी घराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, शेजारणीला हाक मारून मांजरीला दूध घालायला सांगितलं. मग पिशवी उघडली आणि तिच्यातून स्वतःचं हेल्मेट काढलं.

“बघताय काय? सुरू करा. ऊन होईल.”

पिंपळगावपर्यंत पुंजाभाऊंनी चापाला हात लावला नाही. महामार्ग लागला, रस्ता मोकळा दिसला, तेव्हा अंगठ्याने दांडी खाली दाबली. पीळ चापाने धरला. हात मुठीवर नुसता टेकलेला राहिला, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा. छोटा चढ आला की गाडी जरा मंदावायची, उतार आला की सुटायची, आणि पुंजाभाऊ मनात म्हणायचे, राखणदार नाही हिला, राखणदार मीच. मैनाबाईंनी विषय काढला तो सायलीच्या लग्नाचा. ती एवढ्यात नाही म्हणते तर राहू द्यावं का? पुंजाभाऊ म्हणाले, राहू द्यावं. मैनाबाई म्हणाल्या, पण संध्याचं काय म्हणणं आहे ते ऐकू. विषय चांदवडपर्यंत पुरला.

राहूडच्या घाटाच्या आधी पुंजाभाऊंनी चाप सोडला, कुणी न सांगता. मागून ओरडण्यासाठी घेतलेला श्वास त्यांना स्पष्ट ऐकू आला, आणि तो तसाच न ओरडता परत गेला. घाट उतरून खाली आल्यावर मैनाबाई एवढंच म्हणाल्या, “बरं.”

मालेगाव मागे पडलं. पुढे धुळ्यापर्यंत रस्ता सरळ. पुंजाभाऊंनी पुन्हा चाप लावला. गाडी एका सुरात चालली होती, ब्लोअर नसलेल्या बागेसारखी. हात हलका होता. गेल्या वर्षी जाताना इथपर्यंत येईतो बोटं मुंग्यांनी भरली होती. आज तसं काही नव्हतं. पण बराच वेळ गेल्यावर करंगळीच्या शेजारच्या बोटात एक बारीक मुंगी चालल्यासारखं झालं. फार नाही. त्यांनी बोट हलवलंही नाही, खांदा हलवला नाही. मूठ चापाने धरलेलीच होती.

उजव्या खांद्यावर टपटप झालं.

पुंजाभाऊंनी चाप सोडला, मग क्लच दाबला, मग ब्रेक, आणि गाडी एका टपरीपुढे उभी केली. मैनाबाई उतरून बाकावर बसल्या आणि कट चहा मागवला.

“का थांबवलं?” पुंजाभाऊंनी विचारलं.

“चहा प्यायला.”

“ते कळलं. पण आत्ताच का?”

“मंग कधी? धुळं आल्यावर? चहा प्या, गार व्हतोय. अन् बोटं उघडमीट करा जरा.”

पुंजाभाऊंनी चहाचा ग्लास डाव्या हातात घेतला, बाजूला गेले आणि सायलीला फोन लावला.

“पोचलात का, नाना?”

“पोचतोय. तू म्हणाली व्हतीस, रेस उतरते, आवाज उतरतो, म्हणून तिला कळतं.”

“हो.”

“आज रेस चापानं धरली व्हती. सरळ रस्ता. आवाज एवढासुद्धा उतरला नाय. तरी तिनं हात मारला. अन् बरोबर वेळेला.”

“वाऱ्याने गाडी हळू झाली असेल,” ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “पण वारा काय फक्त तुमच्या बोटांच्या वेळेला येतो का... तुमचा खांदा ताठ झाला असेल.”

“मी हललो बी नाय, बाई.”

“मग मला नाही माहीत, नाना. आईलाच विचारा ना.”

“इचारलं. चहा प्या म्हणती.”

बाकावर बसलेल्या मैनाबाई बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या, आणि त्यांचं लक्ष गाडीकडे नव्हतं, रस्त्याकडे नव्हतं, पुंजाभाऊंकडे तर मुळीच नव्हतं. पुंजाभाऊ उजव्या हाताची बोटं उघडझाप करत त्यांच्याकडे बघत राहिले. रेस उतरली नाही, आवाज उतरला नाही, खांदा हलला नाही. मग हिला कळतं तरी कसं?